आधी बाळाचं नाव विचारा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत बेने इस्रायलींच्या, म्हणजे आम्हा कोकणातल्या मराठी ज्यूंच्या, मलिदा या आभाराच्या विधीविषयी लेख आला, तो आमच्याकडे सगळ्यांनी हौसेने वाचला. भिजवलेले गोड पोहे, ओलं खोबरं, फळं, ताटातली गुलाबाची फुलं, एलियाहू हन्नाबी या संदेष्ट्याचं गाणं, सगळं अगदी बरोबर होतं. त्यावर पुढच्याच आठवड्यात आमच्या समाजातल्या एका गृहस्थांचं पत्र छापून आलं. अमेरिकेत आणि इस्रायलमध्ये काही ज्यू आईबाप मुलाची सुंता न करण्याचं ठरवतात, अशांना आपल्या मलिद्याला आणि सिनेगॉगला, म्हणजे आपल्या प्रार्थनामंदिरात, बोलावू नये, कारण सुंता नाही तो यहुदी नाही, असा त्या पत्राचा सूर होता. हे पत्र त्यांना उत्तर म्हणून लिहिते आहे. माझं नाव कृपया छापू नये. घरात लहान मूल आहे आणि त्याच्या नावाची चर्चा चारचौघांत व्हावी अशी माझी इच्छा नाही.

माझं माहेर पेणचं, सासर ठाण्याचं. पालिकेच्या मराठी शाळेत शिक्षिका होते, निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. माझ्या दोन्ही मुलांची मिला, म्हणजे सुंता, आठव्या दिवशी ठाण्याच्या ‘शाअर हशामाइम’मध्येच झाली. 1879 सालचं ते सिनेगॉग आहे. आमची जुनी माणसं सिनेगॉगला मशीदच म्हणायची, माझ्या सासूबाई शेवटपर्यंत म्हणत. त्या दिवशी बाळाला कुणी हातात घ्यायचं, एलियाहूच्या खुर्चीवर कुणी ठेवायचं, मांडीवर घेऊन कुणी बसायचं यावरून घरात दोन दिवस रुसवेफुगवे झाले होते. बाळ दारातून आत आलं की सगळी माणसं उभी राहून ‘बारूख हब्बा’, म्हणजे सुस्वागतम, म्हणतात. मी मागच्या खोलीत बसले होते. रडणं ऐकू आलं आणि थोड्या वेळाने थांबलं. मनुकांच्या शरबताचा बोळा तोंडात दिला की मुलं बहुधा गप्प होतात. सुंता करणारे मोहेल म्हातारे होते पण हात पक्का. आमच्या घरात त्याबद्दल कुणाची कसलीच तक्रार नाही. सुंतेला नावं ठेवायला मी हे लिहीत नाही, एवढं आधीच सांगून ठेवते.

धाकटा मुलगा न्यू जर्सीत असतो. सून तिथलीच, आईच्या बाजूने पिढ्यान्‌पिढ्या ज्यू. गेल्या वर्षी त्यांना मुलगा झाला आणि दोघांनी ठरवलं की सुंता करायची नाही. आठव्या दिवशी त्यांच्या सिनेगॉगच्या रब्बाय (धर्मगुरू) बाईंनी बाळाला तल्लितमध्ये, म्हणजे प्रार्थनेच्या शालीत, गुंडाळून त्याचं हिब्रू नाव ठेवलं, आशीर्वाद म्हटले, द्राक्षरसावरचा किद्दुशचा आशीर्वाद झाला. तिकडे याला ‘ब्रित शालोम’ म्हणतात. मी फोनवर पाहिलं. मला विचारलं असतं तर करा म्हणाले असते, पण विचारलं नाही. का नाही, हे मुलाने नंतर नीट सांगितलं. मूल स्वतः ‘हो’ म्हणू शकत नाही तेव्हा त्याच्या शरीरावर कायमची खूण करू नये, असं सुनेचं म्हणणं. तिने त्यासाठी बरंच वाचलं आहे आणि ती शब्बाथच्या (शनिवारच्या पवित्र दिवसाच्या) मेणबत्त्या माझ्यापेक्षा वेळेवर लावते. मोठा मुलगा इस्रायलमध्ये अश्दोदला आहे, त्याला हे मुळीच पटलेलं नाही. दोघा भावांचं यावरून वाजलं, मग बोलणं सुरू झालं. एका घरात एवढं चालायचंच.

घराबाहेर मात्र वेगळं झालं. बाळ झाल्याचं कळवल्यावर ‘मजेल तोव’च्या, म्हणजे अभिनंदनाच्या, आधी पहिला प्रश्न आला, ‘झालंय ना त्याचं?’ एकीने नाही, चौघापाचांनी विचारलं. एका समाजसंस्थेतल्या पदाधिकाऱ्यांनी तर सांगितलं की बाळ इथे आलं तर घरी काय तो मलिदा करा, सिनेगॉगात नाव पुकारायला सांगू नका, लोकांना आवडणार नाही. आणि आता वर ते पत्र.

पत्रलेखकांनी तोराचा, म्हणजे आमच्या धर्मग्रंथाचा, दाखला दिला आहे. उत्पत्तीच्या सतराव्या अध्यायात देव अब्राहामला करार सांगतो, आठव्या दिवशी प्रत्येक मुलाची सुंता, आणि जो करणार नाही तो आपल्या लोकांतून छेदला जाईल. हे तिथे आहे, मी नाकारत नाही. पण त्याच अध्यायात जरा खाली अब्राहामची बायको साराय हिचं नाव सारा होतं आणि तिलाही आशीर्वाद मिळतो. तिच्या अंगावर कसलीही खूण नाही. आम्ही बायका कशाने यहुदी आहोत? ज्या आईच्या पोटी जन्मल्यामुळे मूल यहुदी ठरतं असं शास्त्र म्हणतं, ती आई स्वतः कुठल्याही सुंतेशिवाय त्या करारात आहे. आमच्या मुलींचं बारसं होतं, पाळण्यात घालून नाव ठेवलं जातं, आणि तिच्या यहुदी असण्याबद्दल जन्मभर कुणी शंका काढत नाही.

यहोशवाच्या पुस्तकाचा पाचवा अध्यायही पत्रलेखकांनी काढून पाहावा. मिसरातून निघालेल्यांची सुंता झालेली होती, पण चाळीस वर्षांच्या रानातल्या प्रवासात जन्मलेल्या मुलांची झालेली नव्हती. गिलगाल इथे पोहोचल्यावर ती केली गेली. मधल्या त्या वर्षांत ही मुलं मान्ना, म्हणजे देवाने आकाशातून दिलेलं अन्न, खात होती, मेघस्तंभामागून चालत होती, इस्रायलच म्हणवली जात होती. त्यांना तंबूबाहेर काढलं असं कुठे लिहिलेलं नाही.

तालमूदात, म्हणजे रब्बींच्या जुन्या धर्मचर्चेच्या ग्रंथात, तर याहून स्पष्ट आहे. यवामोत प्रकरणात एक आई येते. पहिल्या मुलाची सुंता केली, तो दगावला. दुसऱ्याची केली, तोही दगावला. तर तिसऱ्याची करू नये, असं एक मत आहे. दुसऱ्या मताप्रमाणे चौथ्याची करू नये. रक्त न थांबण्याचा आजार आईकडून येतो हे आताचे डॉक्टर सांगतात, आपल्या रब्बींनी ते नुसत्या अनुभवावरून ओळखलं होतं. मला या पानाचं फार कौतुक वाटतं. असा सुंता न झालेला मुलगा मोठा होतो, त्याने यहुदी विधीप्रमाणे कापलेलं मांस चालतं, तो पूर्ण यहुदी असतो. आता कुणी म्हणेल, तिथे नाइलाज होता, इथे आईबापांनी हट्टाने नाकारलं आहे. खरं आहे. शास्त्र या दोहोंत फरक करतं आणि हट्टाने नाकारणाऱ्याला चांगलं म्हणत नाही. पण नाकारणारा कोण, हेही शास्त्रच सांगतं. मुलाची सुंता करणं हे बापाचं कर्तव्य आहे. बापाने केलं नाही तर ते बेत दिनवर, म्हणजे धर्मन्यायालयावर येतं. तिथेही झालं नाही तर मुलगा मोठा झाल्यावर त्याचं स्वतःवर. म्हणजे तेरा वर्षांचा होईपर्यंत त्या पोराच्या माथी कसलाही दोष नाही. आठ महिन्यांच्या बाळाला मलिद्याला बोलावू नका असं म्हणणारे कुठल्या कलमाखाली म्हणतात ते मला कळत नाही. दोष द्यायचा तर माझ्या मुलाला द्या, तो ऐकून घेईल. त्यालाही सिनेगॉगातून हाकला असं मात्र कुठेही नाही. शब्बाथला गाडी चालवत येणारे, चौपाटीवर काय काय खाऊन येणारे आपल्यात आहेतच, त्यांना दारात कुणी अडवत नाही. मिन्यानला, म्हणजे प्रार्थनेला लागणाऱ्या दहा पुरुषांत, दहावा माणूस कमी असला तर त्यांनाच फोन करून बोलावतात.

पत्रात असंही आहे की ही अमेरिकन फॅशन आहे, कालपरवाची. तेवढं काही खरं नाही. 1843 साली जर्मनीत फ्रँकफर्टला सुधारकांनी हाच वाद काढला होता आणि तेव्हा शहरोशहरचे रब्बी त्यावर पत्रं लिहीत बसले होते. ज्यांच्या तसबिरी आपल्या कार्यक्रमांत लावतो त्या, ज्यूंच्या स्वतंत्र राष्ट्राची चळवळ उभारणाऱ्या थिओडोर हर्झल यांनी 1891 मध्ये जन्मलेल्या आपल्या मुलाची सुंता केली नव्हती. हर्झल गेल्यानंतर, मुलगा चांगला मोठा झाल्यावर ती झाली. सोव्हिएत राज्यात तर पिढ्या गेल्या, मोहेल मिळायचा नाही, मिळाला तर नोकरी जायची. 1989 नंतरच्या दीडेक दशकात तिकडून दहाएक लाख लोक इस्रायलला आले, त्यांत सुंता न झालेले पुरुष भरपूर. काहींनी तिथे आल्यावर करून घेतली, काहींनी नाही. अश्दोदच्या माझ्या मुलाच्या इमारतीत निम्मे रशियन आहेत. सैन्यात सगळे एकत्र असतात.

इस्रायलच्या कायद्यात सुंतेची सक्ती नाही, हे इथे बऱ्याच जणांना माहीत नसतं. 2013 मध्ये घटस्फोटाच्या एका खटल्यात तिथल्या रब्बींच्या न्यायालयाने मुलाची सुंता करायला तयार नसलेल्या आईला दिवसाला 500 शेकेल दंड लावला होता. 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो हुकूम रद्द केला, रब्बींच्या न्यायालयाला तो अधिकारच नाही म्हणून. सुंता न करणाऱ्या आईबापांचा तिथे स्वतःचा गट आहे. अमेरिकेत 2021 मध्ये ‘ब्रुखिम’ नावाची संस्था निघाली आहे. सुनेने मला तिच्याबद्दल सांगितलं. अशा कुटुंबांना सिनेगॉगांनी उघडपणे सामावून घ्यावं, आईबापांना लपवाछपवी करावी लागू नये, यासाठी ती काम करते.

उलट बाजूही सांगते, नाहीतर मी एकतर्फी बोलते असं होईल. 2012 मध्ये जर्मनीत कोलोनच्या न्यायालयाने एका मुसलमान मुलाच्या प्रकरणात धार्मिक सुंता म्हणजे शारीरिक इजा असा निकाल दिला, तेव्हा युरोपातले ज्यू आणि मुसलमान दोन्ही हादरले. त्याच वर्षीच्या डिसेंबरात जर्मन संसदेला सुंतेला परवानगी देणारा कायदा करावा लागला. 2018 मध्ये आइसलंडमध्ये बंदीचं विधेयक आलं होतं, ते पुढे गेलं नाही. सरकारने बंदी घालणं मला अजिबात मान्य नाही. प्राचीन काळी ग्रीक राजा अँटिओखसने बंदी घातली होती तेव्हा मुलांची सुंता केली म्हणून आयांना मारलं होतं. हनुक्का या आमच्या दिव्यांच्या सणामागे ती हकिगतही आहे. आपल्या म्हाताऱ्यांना सुंतेचं नाव काढलं की इतकं का लागतं ते यात आहे, आणि मला ते समजतं.

आमच्या बेने इस्रायलींचं तर त्याहून जास्त. नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटलं, सात जोडपी वाचली, पोथ्या समुद्रात गेल्या, असं आम्ही पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलो. मग शेकडो वर्षं कोकणात तेलाचे घाणे चालवले, शनिवारी घाणा बंद म्हणून शनिवार तेली म्हणवून घेतलं. हिब्रू गेली, सण अर्धेमुर्धे उरले. राहिलं काय, तर शेमाची प्रार्थना, शब्बाथ, खवल्यांचा मासा आणि मुलांची सुंता. बाहेरच्या ज्यूंनी आम्हाला ओळखलं ते याच खुणांवरून. तेव्हा ‘आपण हीच एक गोष्ट धरून ठेवली होती आणि तुझा मुलगा तीच सोडतो’ असं माझी नणंद म्हणाली, ते मला आत लागलं. तिला उत्तर देता आलं नाही. अजूनही पूर्ण देता येत नाही.

पण त्याच नणंदेला मी 1962 ची आठवण करून दिली. ती तेव्हा तिकडेच होती. इस्रायलच्या मुख्य रब्बींच्या कार्यालयाने, रब्बी यित्झाक निस्सिम त्या वेळी प्रमुख होते, विवाह नोंदवणाऱ्यांना सूचना काढल्या की बेने इस्रायल मुलगा किंवा मुलगी लग्नाला उभी राहिली तर त्यांच्या आईची, आजीची, मागे जाता येईल तितकी चौकशी करा. कारण काय, तर कोकणात आमच्या पूर्वजांना शास्त्रोक्त फारकत ठाऊक नव्हती, मग एखाद्या पणजीचं दुसरं लग्न अवैध असेल तर? आमच्या प्रत्येक पुरुषाची आठव्या दिवशी सुंता झालेली होती. तरीही सोडलं नाही. ज्या खुणेवर आम्ही इतका भरवसा ठेवला ती त्या कचेरीत काही कामाची ठरली नाही. लोकांनी धरणं धरलं, जेरुसलेमला जाऊन बसले, 1964 मध्ये पंतप्रधान एश्कोल यांच्या सरकारला आणि संसदेला मधे पडावं लागलं, तेव्हा कुठे बेने इस्रायल सर्वार्थाने यहुदी आहेत असं जाहीर झालं आणि त्या सूचना बदलल्या. पुढे इथिओपियाच्या लोकांचं तेच. त्यांचीही सुंता झालेलीच होती, तरी रक्ताचा एक थेंब काढून पुन्हा विधी करायला सांगितला गेला, त्यांनीही त्याविरुद्ध आंदोलन केलं.

आमच्या लग्नाळू मुलींना तेव्हा नोंदणी कचेरीत उभं करून पणजीचं नाव विचारलं. त्या मुलींपैकी काही आज पणज्या आहेत आणि समाजात मान्यवर आहेत. त्यांच्यासमोर बसून कुणी पाळण्यातल्या पोराच्या यहुदीपणाचा दाखला मागावा, हे मला सहन होत नाही. आम्हाला ज्यांनी तपासलं त्यांच्या खुर्चीत आम्ही बसायचं का?

आणखी एक आठवण आहे, ती लिहू की नको असा विचार केला. फाळणीच्या वेळी आणि 1992-93 मध्ये मुंबईत कपडे उतरवून पुरुषांचा धर्म पाहिला गेला. आमच्या माणसांची सुंता झालेली, तेव्हा जमावाला आम्ही आणि मुसलमान एकच. त्या दिवसांत हे लोकलने जायचे तर मी खिशात समाजाच्या सभासदत्वाची पावती ठेवायला लावायची. ती दाखवून काय झालं असतं कोण जाणे. जमावाला हिब्रू अक्षरं थोडीच वाचता येतात. पुरुषाच्या विजारीत डोकावून त्याचा धर्म ठरवण्याची किळस मला तेव्हापासून बसली आहे, आणि डोकावणारा आपल्या समाजाचा असला म्हणून ती कमी होत नाही.

आता जरा हिशेबाचं बोलते. भारतात आम्ही सगळे मिळून चार-पाच हजार उरलो आहोत. 2016 मध्ये महाराष्ट्र सरकारने अल्पसंख्याक दर्जा दिला, तेव्हा आपण पेढे वाटले होते. कोकणातल्या कित्येक सिनेगॉगांत दहा पुरुष जमवायला मुंबईहून गाडी करावी लागते. मस्जिद बंदरचं ‘शाअर हारहामिम’ 1796 मध्ये सामाजी दिवेकरांनी बांधलं. टिपूच्या कैदेतून जिवंत सुटलो म्हणून बांधलं. त्या सिनेगॉगच्या नावाचा अर्थच दयेचं दार असा आहे. तिथे आज शब्बाथला किती माणसं असतात ते जाऊन पाहावं. आणि आम्ही नातवंडं मोजून घेणार.

स्वागत करायचं म्हणजे काय, असं मला त्या पदाधिकाऱ्यांनी विचारलं होतं. काही मोठं नाही. शब्बाथला तोरा वाचताना बाळाचं नाव, त्याच्या आईबापांचं नाव पुकारा. मलिद्याचं ताट त्याच्यासाठी करा. मूल सहा-सात वर्षांचं झालं आणि हिब्रू शिकायला आलं तर त्याला बाकावर जागा द्या, तेराव्या वर्षी बार मिट्झ्वाला, म्हणजे वयात आल्याच्या विधीला, त्याच्या खांद्यावर तल्लित घाला. अमेरिकेत बऱ्याच रिफॉर्म सिनेगॉगांत हे रूढ झालं आहे आणि तिथे छप्पर कोसळलेलं नाही. ज्या हजानना, म्हणजे प्रार्थना चालवणाऱ्यांना, शास्त्राप्रमाणे काही विधी त्या मुलाकडून करून घेता येणार नाहीत असं प्रामाणिकपणे वाटतं, त्यांनी आईबापांना एकांतात, मायेने सांगावं. मी त्यांच्याशी भांडणार नाही. वल्हांडणाचा कोकरा सुंता न झालेल्याने खाऊ नये असं निर्गमात आहे, पण मंदिर पडल्यापासून तो कोकरा कुणीच खात नाही, तेव्हा तो वाद तरी घालू नये. आणि डायपर बदलताना मावश्या-आत्यांनी डोकावून पाहू नये, पाहिलंच तर गप्प बसावं. हे सगळ्यात अवघड आहे, मला माहीत आहे.

ज्यांना सुंता करायची आहे त्यांनी जरूर करावी, आनंदाने करावी, मी शरबत करून आणीन. मुंबई-ठाण्यात चांगला मोहेल मिळणं कठीण झालं आहे, खरं तर समाजसंस्थांनी आधी त्याची सोय पाहायला हवी. आणि माझा नातू अठरा वर्षांचा होऊन म्हणाला की आजी, मला करून घ्यायची आहे, तर तेव्हा मी असले तर त्याच्याबरोबर जाईन. नाही म्हणाला तर शब्बाथच्या जेवणाला माझ्या शेजारीच बसेल.

मुलगा आणि सून हनुक्काच्या सुट्टीत ठाण्याला येणार आहेत. घरी मलिदा ठेवला आहे. पत्रलेखक गृहस्थ ठाण्यातच राहतात असं त्यांच्या पत्राखालच्या पत्त्यावरून दिसतं, त्यांनी जरूर यावं, वाद घालायचा असेल तर जेवण झाल्यावर घालू. आणि आपल्या समाजाच्या संस्थांना माझी विनंती आहे की रोश हशानाच्या, म्हणजे आपल्या नव्या वर्षाच्या, आधी एक बैठक घेऊन साधा ठराव करावा: यहुदी आईबापांच्या कुठल्याही बाळाचं नाव पुकारताना दुसरा प्रश्न विचारला जाणार नाही. एका ओळीचा पुरे. मसुदा हवा असेल तर मी लिहून देते, फळ्यावर लिहिण्यात आयुष्य गेलं आहे, अक्षर अजून वाचता येतं.

आपली विश्वासू,
एक निवृत्त शिक्षिका, ठाणे